डाव्या हाताचं स्टँड

९ जानेवारी २००६, सोमवार

आज पुन्हा तेच! मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो, खाली मोबाईल वाजला. धावत जिना उतरेपर्यंत बंद. मालन पलंगावर बसलेली, मोबाईल जमिनीवर, चार्जरची वायर तिच्या मनगटाला गुंडाळलेली. "मोहिनीचा होता," म्हणाली. "नाव दिसलं. हातातून सुटला."

गणपतीत तिला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून उजवा हात नुसता लटकतोय. डाव्याला अजून सवय नाही. आणि मोबाईल चार्जिंगला लावलेला असेल तर एका हाताने पिन ओढणार कशी? आपल्याला दोन हात असतात म्हणून हे कधी डोक्यातच येत नाही. मोहिनीने, आमच्या मुलीने, हौसेने मोबाईल घेऊन दिला आणि मी शहाण्याने घरचा जुना फोन काढून टाकला.

पडला तरी चालतोय हे नशीब.

११ जानेवारी

खरं काय ते इथे तरी लिहावं. ही वही मालन कधीच उघडत नाही. लग्न झालं तेव्हाच म्हणाली होती, "तुमचं तुम्ही लिहा, मला तोंडी सांगत जा." आणि तोंडी सांगायचं तेच मी लपवतोय.

डिसेंबरात मी "पेन्शनच्या कागदांना ओझरच्या कारखान्यात जातो" म्हणून गेलो तो ओझरला गेलोच नव्हतो. अँजिओग्राफी केली. तीन नळ्या बंद. ऑपरेशन मुंबईला. तारीख तिथून फोनवर कळवणार, संध्याकाळी सहानंतरच करा असं मी सांगून ठेवलंय. तेव्हा मी घरीच असतो, म्हणून हाच नंबर दिला. पंधरा दिवस लागतील. सोबत हिरामण येतो म्हणालाय. टूलरूममध्ये चौतीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर होता, त्याला सांगावंच लागलं.

मालनच्या डॉक्टरांनी बजावलंय, धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका. मोहिनी तिकडे बंगलोरला, सातवा महिना, अंथरुणातून उठायचं नाही. तिलाही सांगितलेलं नाही. कामाला येणारी भागीबाई रात्रीची राहील. पण भागीबाई मोबाईलला हात लावत नाही! "करंट मारतो त्यो." झालं.

मी तिकडून रोज फोन करणार. तो मालनला एकटीला उचलता आला पाहिजे. नाहीतर पंधरा दिवस ती इकडे वाजणाऱ्या फोनकडे बघत बसेल.

१४ जानेवारी, संक्रांत

मालनने डाव्या हाताने तिळगूळ दिला. "डावा आहे हो, चालेल ना?" म्हणाली. मी पटकन तोंडात टाकला, बोलता येऊ नये म्हणून.

१७ जानेवारी

तीन दिवस डोकं खाजवतोय. मोबाईल उभा राहील, उभ्याउभ्या चार्ज होईल, वाजला की तिने डाव्या अंगठ्याने हिरवं बटण दाबायचं आणि सरळ उचलून कानाला लावायचं. बोलणं झालं की परत ठेवायचा. बस, एवढंच! पत्र्याचं करून पाहिलं, कडा बोचते. लाकडाचं करायला घेतलं, रंधा मारताना धाप लागली. मालन आतून ओरडली, "काय झालं?" म्हटलं, भुसा नाकात गेला.

आणि आज पलंगाखाली झाडू मारताना दिशाची बादली सापडली. दिवाळीला आली होती नात, तेव्हाची विसरलेली. बादलीभर प्लास्टिकचे ठोकळे! एकावर एक दाबून बसवायचे. पुसून ओळीत लावले आणि माप घ्यायला पेटीतला व्हर्निअर काढला. ठोकळा कुठलाही घ्या, डोक्यावरच्या एका टेंगळापासून दुसरं टेंगूळ बरोबर आठ मिलिमीटर. फरक नाही म्हणजे नाही! असं काम करणारे लोक कुठे बसतात, त्यांना एकदा भेटायला हवं.

१८ जानेवारी

दिशाची परवानगी घेतली. फोनवर म्हणाली, "आबा, घ्या, पण कापायचे नाहीत हं! आणि लाल माझा फेवरेट आहे, तो वर लावा." सहा वर्षांची पोरगी, पण सुपरवायझर म्हणून आत्ताच घेतील.

२३ जानेवारी

मोबाईलची रुंदी साडेत्रेचाळीस मिलिमीटर. पाच टेंगळांची जागा ठेवली तर आत जात नाही. सहा ठेवली तर साडेचार मिलिमीटर मोकळं राहतं. म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या स्लिपरचं रबर कापून आतून बसवलं. खाली मधोमध चार्जरची पिन उभी, दोन ठोकळ्यांच्या बेचक्यात दोऱ्याने आवळलेली. मोबाईल वरून सोडला की नेमका पिनेवर बसतो आणि टुंग! चार्जिंग चालू.

इतका चपखल बसला की स्टँड उलटं धरून हलवलं तरी मोबाईल पडेना. टूलरूममध्ये असा जॉब केला असता तर साहेबांनी चार लोकांना बोलावून दाखवला असता. भागीबाई म्हणाली, "बाबा, लय भारी हाय. पर ह्ये लहान पोरांचं न्हवं का?"

उद्या मालनला दाखवतो.

२४ जानेवारी

फजिती.

मालनने मोबाईल उचलला तर अख्खं स्टँड वर आलं! वायर आली, वायरीबरोबर पाण्याचा तांब्या आला, चादर ओली. तिने दुसऱ्यांदा ओढलं. मग दातांत वायर धरून ओढलं. मी "थांब थांब" म्हणेपर्यंत ती हसायला लागली. तोंड अजून एका बाजूला ओढलेलं असतं, पण हसते तेव्हा डोळे अगदी पूर्वीचे.

"अहो, मला फोन हवाय. भुईकोट किल्ला नको."

चौतीस वर्षं मी ढिला जॉब हातात घेतला की परत पाठवला. फिटिंग म्हणजे घट्ट, हे हाडात गेलंय. पण घट्ट बसलेलं काढायला एक हात ओढतो आणि दुसरा खाली धरून ठेवतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. गरजच पडली नव्हती ना.

२५ जानेवारी

आणखी एक. मी वायर डाव्या बाजूने काढली आहे आणि मोबाईलचं तोंड उजवीकडे वळवलंय. म्हणजे उजव्या हाताच्या माणसासाठी! मला सकाळी दात घासताना दिसलं. पाच महिने मीच तिला घास भरवतोय, वेणी घालतोय, आणि हात चालले ते जुन्या मालनचं माप घेऊन.

खूप वाईट वाटलं. सगळं मोडून बादलीत टाकलं.

३० जानेवारी

तिला म्हटलं, स्पीकरवर टाकून देऊ का? उचलायलाच नको. फणकारली! "मोहिनीशी बोलायचं ते मोहिनीशी. सगळ्या गल्लीला कशाला?" बरोबर आहे तिचं. आजारी माणसाला खाजगी काही उरतच नाही. अंघोळसुद्धा नाही.

आता ती शेजारी बसून सांगते, मी लावतो. "थोडं आडवं करा. मागे रेलू द्या, माझ्यासारखं." तेव्हा पाठ तिरकी केली. वायर उजवीकडून. स्लिपरचं रबर आतून काढून खाली चिकटवलं, म्हणजे घसरणार नाही. आणि तळात पोकळी ठेवून माझ्या पेटीतला लोखंडी तुकडा घातला, अर्धा किलोच्या वर आहे.

मोबाईल आत डुगडुगतो. माझ्याने बघवत नाही.

४ फेब्रुवारी

डुगडुगतो म्हणून पिनेवर बसत नाही. अर्धा वेळ चार्जिंगच होत नाही. पाच मिलिमीटर मोकळं ठेवून पिन गाठायची म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

छातीत दुपारी दुखलं. गोळी जिभेखाली ठेवली, दहा मिनिटांत थांबलं. मालनला म्हटलं, पित्त.

८ फेब्रुवारी

जमलं! आणि सुचलं मालनला.

ती म्हणाली, "वरून रुंद ठेवा, खाली अरुंद. नरसाळ्यातून तेल कसं बरोबर बाटलीत जातं?" वरचा थर दोन्हीकडे एकेक टेंगूळ बाहेर सरकवला, आणि फक्त तळाशी, पिनेजवळ, एक सूत रबर. म्हणजे टाकायला ऐसपैस, बसायला नेमकं, काढायला सैल. तेहतीस वर्षं हिच्या हातचं जेवलो, पण ही असली फिटर आहे ते माहीत नव्हतं.

एक ठोकळा कानशीने घासावा लागला. दिशाला कबूल करावं लागेल. लाल वरच आहे.

१२ फेब्रुवारी

मालनची प्रॅक्टिस चालू. हिरामण त्याच्या घरून फोन लावतो, भागीबाई रिंगा मोजते, तिला वाचता येत नाही पण मोजता येतं. पहिल्यांदा अकरा रिंगा. मग नऊ. काल सात. आज चिडून मोबाईल पलंगावर आपटला आणि अर्धा तास भिंतीकडे तोंड करून झोपली. मी चहा केला, बशीत ओतून ठेवला. मग उठली. "लावा परत."

१५ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या दुकानात नाणं टाकायचा लाल फोन आहे. आज तिथे गेलो. घरून दोनशे पावलं. भागीबाईला मुद्दाम बाजारात पाठवलं होतं, म्हणजे मालन खरंच एकटी. नंबर लावला.

चार रिंगा. मग खडखड झाली. मग श्वास.

"हॅलो?"

मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला. पाच महिने रोज ऐकतोय तिचा आवाज, पण समोर बसून ऐकताना मी तिचं तोंड बघत असतो, काय हवंय ते ओळखत असतो. नुसता आवाज ऐकला नव्हता. जड झालाय, शब्द घसरतात, पण तिचाच आहे.

"हॅलो! बोलत का नाही? राँग नंबर का?"

"मालन, मी."

"अगंबाई! कुठून बोलताय?"

"कोपऱ्यावरून."

"मग घरी या की. फोन कशाला करताय?" आणि हसली. मग म्हणाली, "नाही, थांबा. बोला थोडं. छान वाटतंय."

बोललो. काय बोललो? द्राक्षं चांगली आली आहेत बाजारात, घेऊन येऊ का. काळी आणा म्हणाली. लग्न ठरल्यावर तिच्या गावी, सटाण्याला, पोस्टात फोन करायचो, पोस्टमास्तर तिला बोलवायला माणूस पाठवायचे, तेही निघालं. मागे रांगेत एक कॉलेजची मुलगी उभी होती, तिला वाटलं असेल म्हातारा येडा आहे, डोळे पुसतोय.

सांगून टाकावं असं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. इतक्या लांबून सांगणं सोपं गेलं असतं. तेवढ्यात फोन कट झाला, दुसरं नाणं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

भीती ऑपरेशनची नाही. खरंच नाही. भीती एवढीच की टेबलावरून मी परत आलो नाही तर शेवटचं तिच्याशी खोटं बोलून गेलेलो असेन. "मुंबईला पेन्शन ऑफिसात काम आहे, पंधरा दिवस." वाक्य पाठ करून ठेवलंय. आरशासमोर म्हणून पाहिलं, माझाच विश्वास बसेना.

हिरामण म्हणतो, वहिनींना सांग. मी म्हटलं, तुझ्या बायकोला झटका आलेला नाही. त्याला लागलं ते. उद्या फोन करून माफी मागतो.

१९ फेब्रुवारी

मालन आता स्वतःहून फोन लावते! आज मोहिनीला लावला, मी आंघोळीला असताना. दोघी वीस मिनिटं बोलल्या. मी दाराआडून ऐकायला गेलो तर म्हणाली, "अहो, तुमचं काम नाही इथे." आत जाऊन बसलो. इतकं बरं वाटलं मला!

आता मी जाऊ शकतो.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी भाजी घेऊन आलो तर मालन म्हणाली, "फोन आला होता. दोन रिंगांत उचलला." मी पिशवी ठेवून टाळ्या वाजवल्या, भागीबाईला हाक मारली. मग म्हटलं, कोणाचा? म्हणाली, "मुंबईच्या हॉस्पिटलचा. सहा मार्चला या म्हणाले. पेशंटबरोबर कोण राहणार, नाव द्या म्हणाले. माझं दिलं."