मागचा डावा स्पीकर

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! नवं घर, नवी किल्ली, नवी वही. तिसरा मजला, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदाच दारावर फक्त माझ्या नावाची पाटी. सामान वर आणणाऱ्या माणसाने विचारलं की बाकीची मंडळी कधी येणार. मी म्हटलं, मंडळी म्हणजे मीच. तो हसला, मीही हसले. दिवसभर उगाचच हसते आहे.

पुढच्या खोलीची समोरची भिंत एकदम कोरी आहे. तिथे मी मोठा पडदा लावणार आणि चारी बाजूंनी आवाज. दादाला परदेशात फोन करून सांगितलं, तर म्हणाला, या वयात घरात थिएटर? वहिनी मागून म्हणाली, शेजाऱ्यांचा विचार कर हं. त्या दोघांना काय माहीत! आईच्या आजारपणात अकरा वर्षं मी सिनेमे वाचले. आवाज बंद आणि पडद्याखालच्या ओळी चालू. फारच सोसवलं नाही तर दादाने पाठवलेला इअरफोन एका कानात. दुसरा कान आईचा.

आता दोन्ही कान माझे.

५ नोव्हेंबर, बुधवार

स्पीकर आणायला गेले. दुकानदाराच्या हातात सदा मोजपट्टी, बोलतानाही ती ओढतो आणि सोडतो. मी मनात त्याचं नाव टेपवाला ठेवलं. आधी त्याने कपाटाएवढे उभे खोके दाखवले. ते घरात आले तर मला बाहेर झोपावं लागेल, असं सांगितल्यावर भिंतीवरचे सपाट स्पीकर काढले. जाडी माझ्या तर्जनीपेक्षा कमी, भिंतीला फोटोच्या चौकटीसारखे चिकटून बसतात, फोडाफोड नाही, दोन स्क्रूंवर काम. माणूस प्रामाणिक. अंग बारीक तसा आवाजही बारीक, म्हणाला; ढगांचा गडगडाट हवा असेल तर कोपऱ्यात वेगळा वूफर ठेवावा लागेल. तीन वेगवेगळे जोड आलटून पालटून ऐकवले. एकात बायकांचे आवाज डब्यातून आल्यासारखे, दुसऱ्यात सगळं चकचकीत पण कानाला बोचणारं. तिसऱ्यात एका बाईने नुसता श्वास घेतला आणि माझ्या अंगावर काटा आला. तेच घेतले. पुढे तीन, मागे दोन, भिंतीसारखे पांढरे.

लावले की असून नसल्यासारखे दिसतील, असं तो कौतुकाने म्हणाला. त्यातला माझा अनुभव दांडगा आहे, हे त्याला सांगितलं नाही.

किती जण बसणार, हेही विचारलं. एक, म्हटल्यावर असा बघत राहिला, जणू मी एकटीसाठी आख्खी बस ठरवते आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

टेपवाला स्वतःच आला. चार तास ड्रिलचा धुरळा, पण काम सुबक. मागच्या भिंतीवर दोन स्पीकर, माझ्या खुर्चीच्या डाव्या आणि उजव्या खांद्यामागे. त्या भिंतीपलीकडे काहीच नाही, तीन मजले खाली पार्किंग.

मग मोजणी. ही गंमत मला ठाऊकच नव्हती. खुर्चीत माणसाच्या जागी तिकाटण्यावर छोटा माईक ठेवायचा, कानाच्या उंचीवर. सगळ्यांनी चिडीचूप. अँप, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा डबा, एकेका स्पीकरमधून सूंऽऽ असा आवाज काढतो आणि तो माईकपर्यंत किती वेळात पोचला त्यावरून अंतर काढतो. पुढचे तिन्ही बरोबर. मागचा उजवा सात फूट, बरोबर. मागचा डावा बारा फूट.

टेपवाल्याने पट्टी लावली. सातच. पुन्हा मोजणी केली, पुन्हा बारा. बारा म्हणजे भिंतीच्या पाच फूट पलीकडे, हवेत. त्याने डोकं खाजवलं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, असं म्हणून हाताने सात टाकला. पडदे, गालिचा आला की मोजणी पुन्हा करा, तुमची तुम्हालाही जमेल, म्हणाला. मी मान डोलावली. बारा हा आकडा कुठेतरी ओळखीचा वाटत होता.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी पहिला सिनेमा. रडले. गोष्ट रडण्यासारखी नव्हती. नायिका नुसती दार उघडून पाऊलवाटेने चालत गेली, आणि खडी माझ्या पायाखाली वाजली. इतकी वर्षं हे सगळं ऐकायचं राहिलं. कुणावर चिडू? दादावर चिडते. तो महिन्याला एक फोन करायचा आणि तूच ग बाई खरी, म्हणून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा.

मध्येच मागून डावीकडून टक टक. लोखंडावर काहीतरी आपटल्यासारखं. सिनेमातलंच असेल म्हणून तेवढा तुकडा मागे घेऊन पाहिला. त्यात टक टक नव्हती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पडदे लावले, गालिचा टाकला. कालही टक टक, म्हणून स्वतः मोजणी केली. माईक खुर्चीत, मी दाराशी श्वास रोखून. मागचा डावा: दहा.

टेपवाल्याला फोन केला. तो खूश झाला. बघा, पडद्यांनी फरक पडला, म्हणाला. मग उजव्याला का नाही पडला, विचारलं तर गडबडला. माणूस पाठवतो, म्हणाला.

आता लिहितेच, नाहीतर झोप लागायची नाही. तो आवाज मी ओळखते. आई हाक मारायची, बेबे! बावन्न वर्षांची झाले तरी बेबीच. मी ओ दिली नाही की अंगठी पलंगाच्या दांडीवर आपटायची, टक टक. तरीही उशीर झाला की म्हणायची, येतेस की मीच येऊ? कमरेखाली हालचाल नाही आणि म्हणे मीच येऊ. पहिल्या वर्षी आम्ही दोघी त्यावर हसायचो. मी धावत जायचे, आले ग आले करत. पुढे पुढे हसणं गेलं. धावणं राहिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल नऊ. आज सकाळी आठ, दुपारी सहा.

बारा कुठला ते आठवलं. आठवलं काय, ठाऊकच होतं. जुन्या घरात फरशा एक-एक फुटाच्या होत्या. माझ्या खुर्चीपासून आईच्या पलंगापर्यंत बारा. माझी पाठ तिच्या दाराकडे, दार डाव्या हाताला.

त्या दुपारी मी इअरफोन दोन्ही कानांत घातले. एकदाच. एक सिनेमा पूर्ण ऐकू दे, एवढंच म्हटलं होतं मनाशी. दोन ते चार. शेवटची पाटी जाईपर्यंत बसले. मग इअरफोन काढले आणि वळून बघितलं.

आई फरशीवर होती. पलंगापासून कोपरांवर सरपटत आलेली. अंगठीचा हात पुढे. त्या हातापासून माझ्या खुर्चीपर्यंतच्या फरशा मी मोजल्या. तिला उचलायच्या आधी मोजल्या, ही मी अशी. चार होत्या.

खालच्या मजल्यावरची बाई नंतर म्हणाली, आजी दुपारभर हाका मारत होत्या, तुम्ही बाहेर गेला होतात का? मी हो म्हटलं. दादाला सांगितलं, झोपेतच गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चार.

दिवसभरात पाच वेळा मोजलं. चार, चार, चार, चार, चार.

१६ नोव्हेंबर, रविवार

चारच. पुढे नाही. तिथेच संपलं होतं, तिथेच थांबणार. जीव भांड्यात पडला. एवढंच दाखवायचं असेल तर दाखव बाई, बघितलं मी. टक टकही नाही. जेवले पोटभर. वाटलं, दादाला खरं सांगून टाकावं म्हणजे दोघी सुटू.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दादाला फोन लावला. दोनदा तोंड उघडलं. तोच बोलत सुटला. आई नशीबवान, म्हणाला, झोपेत गेली, तुझ्यासारखी मुलगी उशाशी. तुझं हे ऋण मी कसं फेडू, म्हणून रडला. माझा दादा, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी रडला. मी काय बोलणार होते? हो दादा, म्हटलं. झोपेतच गेली. चेहरा अगदी शांत होता, असंही जोडलं. कुणी विचारलं नव्हतं.

फोन ठेवला. टक टक.

मोजलं. तीन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टेपवाल्याला बोलावून मागचा डावा उतरवून घेतला. वायरही ओढून काढली. त्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, बाई, तब्येत बरी आहे ना? भिंतीवर आता स्क्रूची दोन भोकं. आता तिथे स्पीकर नाही असं अँप दाखवेल, म्हणाला. तो गेल्यावर मोजणी लावली. पुढचे तीन झाले. उजवा झाला. मग डाव्याची पाळी. जिथे काहीच नाही तिथून सूंऽऽ आलं नाही. श्वास आला. दमलेला, सरपटणाऱ्या माणसाचा —

पडद्यावर आकडा: दोन.

१९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ

जिन्यात बसून लिहिते. दादाला चारदा फोन केला. उचलत नाही. तिकडे रात्र असेल. की तोही दोन्ही कानांत —

निघून जावं. पण कुठे? घर माझं आहे. अकरा वर्षांनी मिळालेलं, एवढं एकच. आणि नव्या घरातही फरशा असतीलच.

दुपारी, दोन

आत आले. खुर्चीत. माईक मांडीवर. अँप आपोआप चालू झाला, मी हात लावला नाही.

दादाला निरोप पाठवला. लिहून. आई झोपेत गेली नाही. ती मला हाक मारत होती, मी ऐकलं नाही. तुझा इअरफोन, दोन्ही कानांत. त्याने वाचला. दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही.

सांगितलं ना आता. सांगितलं की ग —

एक.

वळणार नाही. त्या दिवशी वळले तेवढं पुरे. गालिच्यावर काहीतरी ओढल्याचा —

औषधाचा वास. तेल. तिचंच.

टक टक. खुर्चीच्या पायावर.

अर्धा.

ऐकू येतंय ग. दोन्ही कानांनी ऐकतेय. आले. आले ग आई, उठते, आलेच —

राहू दे, म्हणतेय. डाव्या कानाशी. राहू दे बेबे, तू बस. मीच आ