सहाव्या रांगेतला शेवटचा खांब

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, तुझी वहिनी माझ्यावर कुरकुरते. तुझं बरं असेल असं धरून चालतो. बावीस वर्षं तसंच धरून चाललो आहे.

आपली जमिनीखालची पाण्याची टाकी आता संग्रहालय झाली. परवा पाहून आलो. आपण तिच्या छतावर नोकरी केली, पण आत कधी उतरलो नाही. आपल्याला ठाऊक होतं ते झाकणाखालचं काळं पाणी. आता पाणी नाही. विटांचे ऐंशी खांब आहेत आणि त्यांवर कमानी, एकीतून दुसरी दिसावी अशा. ज्या झाकणांतून आपण काठी सोडायचो, त्यांतून उजेडाचे चौकोन तळावर पडतात. कुण्या गवंड्यांनी हे इतक्या निगुतीनं बांधलं आणि लगेच पाण्याखाली गेलं. कुणी बघणार नव्हतं, तरी एक सांधा वाकडा नाही.

वहिनी म्हणाली, "आणि तुम्हाला एक खिळा सरळ ठोकता येत नाही." हळूच म्हणाली, पण सगळ्या टाकीत घुमलं. लोक हसले.

तुझी काठी भिंतीवर लावली आहे. खाली पाटी: 'पाण्याची खोली मोजण्याची काठी.' माहिती सांगणाऱ्या बाईंना मी म्हटलं, खोली मोजायचोच, पण माझा धाकटा भाऊ वरच्या टोकाला कान लावून गळती ऐकायचा. आम्ही त्याला डॉक्टर म्हणायचो.

"खरंच ऐकू यायचं?"

"त्याला यायचं," मी म्हणालो.

मग त्यांनी सहाव्या रांगेतल्या शेवटच्या खांबापाशी नेलं. तिथे तळाला भेग आहे, हात जाईल एवढी. टाकी रिकामी केल्यावर दिसली म्हणे. मी वर पाहिलं. तेच झाकण, जिथे तू गळती आहे म्हणाला होतास.

साहेबांनी त्या दिवशी मलाही काठीला कान लावायला सांगितलं होतं. मी वरिष्ठ, माझा शब्द शेवटचा. मी म्हणालो, काही नाही. खोटी ओरड केल्याचा ठपका तुझ्यावर आला. तू नोकरी सोडलीस, मग शहरही. दादाचे कान जाड, असं तू वहिनीला जाताना म्हणालास. तेव्हापासून मी त्या वाक्याच्या आडोशाला राहिलो.

मला ऐकू आलं होतं. बारीक, सतत, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं. तुला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, मला वीस, आणि गळती तू शोधलीस. एवढंच कारण. याहून मोठं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

बाई पाटी नव्यानं लिहिणार आहेत. त्यांना तुझं नाव हवं आहे. मी म्हणालो, आधी त्याला विचारतो. हो म्हण, नको म्हण, तुझी मर्जी. माझं नाव कुठे घालायचं नाही, हे सांगून आलो आहे.

पत्र वहिनीला वाचून दाखवलं. तिनं पाकीट ओढून घेतलं आणि तुझा पत्ता स्वतः लिहिला.

तुझा,
त्या दिवशी 'काही नाही' म्हणालेला
दादा