फळ्यावर न मांडलेला मोहा

गुरुजी, तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली आणि हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचा हे मला माहीत नाही. तरी लिहायला बसलो, कारण आज दुपारी जंगलनाक्यावर एक माणूस आला. अंगात कोट, काखेत छत्री. आसामातल्या चहाच्या मळ्याचा सरदार म्हणून त्याने ओळख दिली. त्याला इथून माणसं न्यायची आहेत. मी नाकेदार, लिहितावाचता येणारा, म्हणून उद्या शाळेच्या पडवीत गावासमोर इथल्या आणि तिथल्या खर्चाचा हिशेब मीच मांडून दाखवावा, असं त्याचं म्हणणं. बोलायला अगदी गोड. पंचवीस वर्षांपूर्वी आला होता तोही असाच गोड होता. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तो दिवस तुम्हीही विसरला नसाल. धान कापून झालंय, कुणाच्या हाताला काम नाही, सगळा गाव पडवीत गोळा झालाय. तुम्ही फळ्याच्या मधोमध रेघ ओढता, एका बाजूला 'इथे' लिहिता, दुसऱ्या बाजूला 'तिथे'. सरदाराच्या शब्दावर जायचं नाही, हा तुमचा बाणा. म्हणून महिनाभर आधीच कलकत्त्याच्या गाडीवरच्या एका गार्डाला गाठून तुम्ही आसामातला तांदळाचा भाव मागवून घेतला होता. "पगार किती, हे नका विचारू जी," तुम्ही लोकांना बजावलंत, "एका दिसाच्या मजुरीत किती तांदूळ येते, ते विचारा." मला तुमचा केवढा अभिमान वाटला! असा विचार करणारा दुसरा माणूस आमच्या मुलखात नव्हता. तिथला तांदूळ महाग निघाला, पण मजुरी त्याहून चढी, आणि शेवटी 'तिथे'च्या बाजूला तांदूळ जास्त भरला. लोक एकमेकांकडे बघू लागले. सरदार मात्र फळ्याकडे बघतही नव्हता, तो माणसं मोजत होता.

माझी थोरली बहीण, जिला मी बाई म्हणायचो, ती नवऱ्यासोबत मागे उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, आनं मोहा? तिथं मोहा पडते का जी?" सगळी पडवी हसली. तुम्हीही हसलात. "अवो बाई, तिथं चहा पडते!" आणि मग तुम्ही आम्हाला तिसरीत शिकवलेला नियम तिला सांगितलात: ज्याला भाव नाही ते हिशेबात धरायचं नसतं. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो. सख्ख्या बहिणीने चारचौघांत अडाण्यासारखं विचारलं याची लाज वाटली म्हणून. ती हळूच म्हणाली, "आनं सरपन?" पण तोवर लोक उठले होते. आठवड्याभरात तीन घरं सालेकशाच्या स्टेशनावरून गेली, त्यांत बाईचंही. गाडी कलकत्त्याकडे निघाली तेव्हा डब्यात कुणीही रडत नव्हतं, आणि मला तेच बरं वाटलं नाही.

सरदाराने एकही आकडा खोटा सांगितला नव्हता, गुरुजी. मजुरी तेवढीच मिळाली, तांदूळ त्याच भावाने मिळाला. पण आमच्याकडे तांदूळ म्हणजे अर्धंच पोट. बाकीचं अर्धं जंगल भरायचं. उन्हाळ्यात मोहफुलं, पावसाळ्यात बांबूचे कोंब, बोडीतले, छोट्या तळ्यातले मासे, मोहाच्या बियांचं म्हणजे टोरीचं तेल, पत्रावळीला पळसाची पानं. चारोळी दिली की बाजारात बदल्यात मीठही मिळायचं. तिथे यातलं काहीच नव्हतं, जे होतं ते विकत. तुम्हाला हे दिसलं नाही, कारण तुमच्या चुलीतलं लाकूडही दर शनिवारी पोरं शाळेत येताना घेऊन येत. तुमच्यावर मी रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. पण मी तर तेव्हा नाक्यावर नुकताच लागलेलो. निस्ताराचं, घरवापराच्या हक्काचं सरपण गावकऱ्यांना फुकट सोडणं हेच माझं काम, रोज डोळ्यांसमोरून मोळ्या जायच्या. माझ्याही डोक्यात आलं नाही. तिघांत शहाणी एकटी बाई होती आणि आम्ही दोघांनी तिला हसून गप्प केलं.

उद्या मी पडवीत जाणार आहे. हिशेब मोह्यापासूनच मांडीन. लोक ऐकतील असा भरवसा नाही. यंदा बोड्या आटल्या आहेत, लढाईने सगळंच महाग केलंय, आणि सरदाराची छत्री बघून दोन-चार जण आजच त्याच्या मागे हिंडत होते.

आता खरं लिहायचं ते लिहितो. बाई गेल्यावर दुसऱ्या वर्षी तुम्ही तापाने अंथरूण धरलंत. मी रोज येऊन बसायचो. तुम्ही डोळे उघडलेत की एकच विचारायचात, "बाईचं काही पत्र?" आणि मी म्हणायचो, "खुशाल हाये जी, गुरुजी." तेव्हा तिचं कार्ड माझ्या कोटाच्या खिशात होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. 'हे काळ्या तापानं गेले. पोरगी लहान हाये. इथं काडीलेही पैसे लागतेत. एकटीले सोडत नाईत, घरचा मानूस आला तं सोडतेत. भाऊ, तू घ्याले ये.' आईबाप आधीच गेलेले. घरचा माणूस म्हणजे मी एकटा.

तुमच्या जिवाला घोर नको म्हणून मी ते लपवलं, असं मी पुढे कधीतरी बायकोला सांगितलं, गावाला सांगितलं, आणि इतकी वर्षं स्वतःलाही. पण मी ते कार्ड वाचून दाखवलं असतं, तर तुम्ही त्या तापातही उठून बसला असता आणि म्हणाला असता, "आजच्या गाडीनं नीघ." तुमचा शब्द मला मोडता आला नसता. आणि मला जायची भीती वाटत होती, गुरुजी. त्या मळ्याची, त्या तापाची, आत गेल्यावर मलाही सोडणार नाहीत याची. तिचं दुसरं कार्ड कधी आलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी खूप रडलो, लोकांनी मला धरून घरी आणलं. पण आता मला जा म्हणणारं कुणी उरलं नाही, हे स्मशानातच माझ्या मनात आलं होतं, आणि मला हायसं वाटलं होतं.