धाकट्या नावाची बाटली

मी, परशुराम धोंडीबा सुर्वे, वय अडुसष्ट, राहणार कोलशेत, तालुका ठाणे, पूर्वी इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर बटलर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. धाक कोणाचा नाही, असलाच तर माझा मलाच.

कलम १. राहते कौलारू घर व विहीर पत्नी कमळाबाई हिच्या हयातीत तिची, मागाहून चिरंजीव प्रभाकर याची. प्रभाकरने आईला डोंबिवलीच्या बिऱ्हाडी खुशाल न्यावे, पण तिच्या मर्जीने. जुने झाड उपटून लावले तर जीव धरत नाही.

कलम २. मेहुणे भाऊ यांनी सन एकोणचाळीसात नेलेली माझी शिडी त्यांना दिली असे समजावे. नेली होती एवढे मात्र त्यांनी एकदा तोंडाने कबूल करावे.

कलम ३. आता ज्यासाठी कागद घेतला ते. साहेब सत्तेचाळीस साली विलायतेस निघाला तेव्हा त्याने मला फ्रान्सातील बोर्दो मुलखाच्या तांबड्या द्राक्षदारूच्या बारा बाटल्या दिल्या, सन १९३४ च्या. म्हणाला, "मळा थोरल्या, नामांकित दारूचाच. कोवळ्या वेलींच्या द्राक्षांची दारू त्या नावाने विकत नाहीत, म्हणून हिला हे धाकटे नाव. पण धाकट्याला वेळ दे, मग बघ." खरेच होते. वर्षे पडून ती निवली होती. रंग विटकरीकडे झुकलेला, वास आधी जांभळाच्या सालीचा, मागून ओल्या पाचोळ्याचा. दोन दिवस बाटली उभी ठेवायची, गाळ न हलवता ओतायची. वर्षाकाठी एक किंवा दोन, कमळाबाई कीर्तनाला गेली की. ती एकदा म्हणाली, "अहो, वेलदोडे एवढे कसे संपतात?" मी म्हणालो, "पित्ताला बरे."

सन पन्नासात दारूबंदी आली. बाटल्या सरकारात जमा करायच्या होत्या. मी त्या भाताच्या कणगीत आडव्या घातल्या, आणि त्याच महिन्यात गावच्या दारूबंदी कमिटीत जाऊन बसलो. साहेबाकडे राहून न बाटलेला माणूस अशी माझी ख्याती होती. ती मी खोडली नाही.

कलम ४. सन बावन्नच्या फाल्गुनात शेजारच्या पाड्यावरच्या महिपतच्या घरी पोलीस आले. त्याची मुलगी कलावती हिची हळद होती. मला पंच म्हणून घरून उठवून नेले. मी नुकताच अर्धा पेला घेतला होता. जाताना चार वेलदोडे तोंडात टाकले.

ओसरीवर मडके होते. महिपत म्हणाला, "नीरा हाय ती, साहेब." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तात्या, हलदीला देवाचा मान ठेवलाय. लोटाभर हाय. तुला ठावं नाय का?"

मला ठाऊक होते. हवालदार म्हणाला, "पंच, वास घ्या."

मी मडके हलवले, नाक खाली नेले, बंगल्यावर पेला पारखावा तसे. आणि म्हणालो, "नीरा नव्हे. आंबून ताडी झाली आहे, कालची." "मला कळत नाही" म्हणालो असतो तर चालले असते. पण नाकाचा तोरा आडवा आला. मी पंचनाम्यावर सही केली. महिपत दोन महिने आत गेला. कलावती बापावाचून बोहल्यावर उभी राहिली.

घरी आलो. बाटलीत उरलेली मी ओतून टाकली नाही, प्यायलो. आणि ती चांगली लागली. सगळ्यांत जास्त लाज मला ह्याची आहे.

कलम ५. विहिरीपलीकडची पाच गुंठे जागा व तीन ताड कलावतीस द्यावे. ही भरपाई नव्हे. भरपाई होत नाही.

~~कलम ६. माझ्या पश्चात प्रभाकरने उरलेली एक बाटली सरकारात द्यावी व हा कागद कमिटीपुढे वाचावा.~~

वरील कलम मी आज स्वतः खोडले. कारण असे. साक्षीसाठी महिपतला बोलावले आणि सही करण्याआधी त्याला सगळे वाचून दाखवले. तो उकिडवा बसून ऐकत होता. म्हणाला, "मेल्यावर वाचनार? तवा लाज कोनाला, तुला का प्रभाकरला?"

मी त्याच्यासमोरच त्या कलमावर रेघ ओढली.

नवे कलम ६. उद्या सोमवारी सकाळी ती बाटली मी स्वतः चौकीत नेऊन देईन आणि हा कागद कमिटीपुढे माझ्या तोंडाने वाचीन. शिक्षा झाली तर प्रभाकरने वकील देऊ नये.

पुढचे चार शब्द सह्या झाल्यावर मधल्या कोऱ्या जागेत लिहिले. नवे कलम ऐकून महिपत पुढे सरकला. मी अंगठ्यासाठी शाई काढली. "टाक दे," म्हणाला. "सही येते मना. आत शिकलू." सही करून उठला. कमळाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्याने घेतला नाही. घ्यावा असे त्याला कोणी म्हणू नये.

लिहून देणार : परशुराम धोंडीबा सुर्वे

आमच्या समक्ष सही केली :
१. महिपत जोमा पाटील
२. दौलत विठोबा मोरे, शाळामास्तर

मुक्काम कोलशेत, रविवार, १७ नोव्हेंबर १९५७