फळी स्टेजवर येणारच

नाशिक,
२५ मार्च १९८४

आदरणीय चिमाजीमामा यांस,

भाचा भिमाजी याचा मनापासून जयभीम. मामींनाही सांगा. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीत धरला होता, तो ऊन तापल्यावर सुटला. तुमचा घसा कसा आहे? (हे मी रीत म्हणून विचारत नाही.) यंत्रमागांचं तूस घशात जातं, तेव्हा मिठाच्या गुळण्या चालू ठेवा.

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. ते उघडं असल्यामुळे आमच्याआधी पोस्टमनने आणि शेजारच्या लताबाईंनी वाचलं, म्हणून मी पाकिटातून उत्तर देतो आहे. तुम्ही लिहिता की वाद्याला पाय लावणाऱ्याबरोबर तुम्ही जयंतीच्या स्टेजवर बसणार नाही, आणि मी ती गिटारीची, पायाने दाबायची फळी आणली तर यंदा गाणार नाही. मामा, तुम्ही वयाने मोठे, मानाने मोठे, माझ्या हातात पहिली खंजिरी तुम्हीच दिलीत. पण फळी स्टेजवर येणारच. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

ज्यांनी तुम्हाला कळवलं त्यांनी फळी धड पाहिलेलीसुद्धा नाही. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर पत्र्यावर खडे टाकल्यासारखी वाजते. तिच्या आवाजाला रंग देणाऱ्या पेट्या असतात आणि त्या पायाने दाबतात, कारण दोन्ही हात गिटारीत गुंतलेले. मुंबईच्या एका दुकानात सगळे आवाज एकाच डब्यात असलेलं परदेशी मशीन होतं. दुकानदाराने ते काचेआडून दाखवलं, माझ्या चपलांकडे पाहिलं आणि त्यावर परत फडकं टाकलं. म्हटलं राहू दे, आपली आपण बांधू. आवाज फाडणारी पेटी, तिला फझ म्हणतात, ती देवळालीच्या एका बँडवाल्याकडून घेतली. दुसरी वा-वा, तिने गिटार तोंड उघडून मिटल्यासारखी बोलते. ती इथल्या द्वारका चौकातल्या खंडेराव रेडिओवाल्याने लोखंडी पट्टी आणि जुन्या रेडिओचं बटण जोडून केली. तिसरी इको, म्हणजे वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारी. ती आपल्या घरातल्या बंद पडलेल्या स्पूल टेपरेकॉर्डरची केली. (त्याबद्दल खाली लिहिलं आहे.)

आता यांची जोडणी. कोणती पेटी आधी, कोणती नंतर, यावर माझं आणि खंडेरावचं तीन दिवस वाजलं. तो म्हणे इको आधी. लावून पाहिली. एक सूर वाजवला, त्याचे सात झाले, आणि ते सातही पुढे फझमध्ये जाऊन फाटले. द्वारकेला दोन माणसं ट्रक उलटला म्हणून रस्त्यावर धावली. मग आधी फझ, मग वा-वा, शेवटी इको असं ठरलं, पण खंडेराव अजून म्हणतो की हे त्याने केवळ माझ्या समाधानासाठी केलं. हे सगळं ठोकायला लांब लाकूड हवं होतं, तर मी माझ्या पलंगाची मधली फळी काढली. तेव्हापासून झोपताना माझी कंबर खाली आणि डोकं-पाय वर असतात. वडील सकाळी मला सरळ करायला हात देतात.

तालमीचं मात्र खरं काय झालं ते ऐका. घरी मी रबरी चपला घालून वाजवत होतो आणि सगळं झकास चाललं होतं. समाजमंदिरात बाबासाहेबांच्या फोटोसमोर चपला कोण घालील? काढल्या. यशोदाबाईंनी नुकतीच फरशी पुसली होती. ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो, तारांवर हात ठेवला, अंगठ्याने फझ दाबली, आणि मामा, असा झटका बसला की मी एक हात वर उडालो. हात तारेला चिकटलेला, म्हणून सूर थांबेना, आणि सूर थांबेना म्हणून मीही थांबेना. तेवढ्यात म्हाताऱ्या चिमणाबाई ओरडल्या, "पोराच्या अंगात आलंय गं, लय वर्सांनी पाह्यलं!" झालं. कमिटीचे अध्यक्ष सहादूतात्या उठले आणि त्यांनी बौद्ध वस्तीत अंगात येणं कदापि खपवून घेतलं जाणार नाही, यावर वीस मिनिटं भाषण केलं. बटण बंद करायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी यशोदाबाईंनी प्लग उपसला. माझ्याकडून अंधश्रद्धेबद्दल लेखी खुलासा मागवला आहे. त्यात मी 'विजेचा झटका' एवढे दोनच शब्द लिहून दिले. तात्या म्हणतात, भाषा उर्मट आहे.

आता पायाचं. डोकं थोर आणि पाय हलका, हे आपल्याला कुणी शिकवलं? ज्या उतरंडीत आपल्याला पायातसुद्धा जागा नव्हती, ती आता आपण आपल्याच समाजमंदिरात मांडायची का? मामी शिलाई मशीन पायाने चालवतात. त्याच मशीनवर शिवलेला निळा झेंडा तुम्ही दरवर्षी दोन्ही हातांनी वर चढवता. तेव्हा तुम्हाला पाय आठवत नाही. मी चपला काढून वाजवतो, झटका बसतो हे माहीत असूनही काढतो. याहून मोठा मान तुम्हाला ठाऊक असेल तर इथे येऊन दाखवा. मला वाईट वाटलं आहे, ते लपवत नाही. परक्याने लिहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

तुमचा, आणि हट्टाने तुमच्यावरच गेलेला भाचा,
भिमाजी

ता.क. खंडेरावने अर्थिंगची तार स्टेजवरच्या झेंडूच्या कुंडीत खोचली आहे आणि जमीन ती जमीन म्हणतो. अर्ध्या मालेगावच्या मागांना तुम्ही अर्थिंग दिलंत. एक दिवस आधी येऊन तेवढं करून द्या. हवं तर गाऊ नका.

ता.क. २. इकोला टेपचा एक तुकडा सारखा फिरता लागतो. घरात स्पूल एकच होता, बहात्तरच्या जयंतीचा, तुमच्या गाण्याचा. मी शेवटचा हातभर कापला, तिथे टाळ्या असतील असं समजून. टाळ्या नव्हत्या, तुमची शेवटची ओळ होती. बाकीचा स्पूल आईच्या पेटीत नीट आहे. खंडेरावच्या यंत्राला जुनं धड पुसता येत नाही, म्हणून मी गिटार वाजवली की मागून बारीक तुमचा आवाज येतो. कमिटीत सगळे म्हणतात, यंदा मामा स्टेजवर नाहीत. मी इको चालू करतो.

ता.क. ३. रागवायचं असेल तर समोर येऊन रागवा, पण लवकर या. ती ओळ दर तालमीला थोडी थोडी पुसली जाते आहे. म्हणून घशाचं विचारलं.