वाडी देईल ते

मी, आल्बिना आग्नेल परेरा, वय एकाहत्तर, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा ठाणे, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था अशी लावावी.

१. माझ्या एकटीच्या नावावरची वाडी, विहीर व पंपासह, मुलगी फ्लॉसी हिला मिळावी. अट एकच, शनिवारची टोपली बंद पडू देऊ नये. नायगावच्या सोसायट्यांतले सभासद हंगामाआधी पैसे भरतात आणि मग वाडी देईल ते खातात, असा आमचा करार आहे. पीक बुडाले तर दोघांचे बुडाले. याच भरवशावर मी बिल्डरला दारातून परत पाठवला.

सभासदांचे मला कौतुक नाही. जितेंद्र नावाच्या गृहस्थांनी वांगे परत पाठवले, आत अळी निघाली म्हणून. अळी ज्यात जगते त्याने माणूस मरत नाही, पण यांना सांगणार कोण? एका बाईंना केळफुलाचा चीक हाताला लागतो याचा राग. शेतकऱ्याला हातभार लावायचा म्हणून नाव नोंदवायचे आणि भाजी मात्र एका मापाची, पुसून ठेवलेली हवी. शिसारी येते मला.

२. घर फ्लॉसी आणि रिचर्ड या दोघांचे. पोस्टातल्या पैशांतून माझे मयत आणि महिना भरल्यावरची चर्चमधली मिस्सा करावी. त्या दिवशीच्या जेवणात फ्लॉवर नसावा. कारण पुढे आहे.

३. मुलगा रिचर्ड. टोपल्या टेम्पोने नायगावला पोचवायचे काम याचे. गेल्या पावसाळ्यात याने वाडीचे अळू, पडवळ, शिराळी बाजारात विकली आणि तिथलाच फ्लॉवर, सिमला मिरची आमच्या टोपल्यांत भरली. सभासद खूश! "टोपली किती सुधारली हो," असे फोन आले, आणि मी बावळट, ते माझ्या पडवळाचे कौतुक समजून हुरळून गेले.

एकट्या वसुंधराबाई रिक्षा करून टोपलीसकट वाडीत आल्या. "आल्बिनाबाई, फ्लॉवर मला स्टेशनबाहेर मिळतो. तुमच्याकडे भर पावसात कुठून आला?" त्यांना मी काही ठेवत नाही, कारण या कागदावर त्यांची साक्ष हवी आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात.

रिचर्डला विचारले तर म्हणतो, "आई, लोकांना तेच पायजे. कोणाची कम्प्लेंट आली का? आणि वाडी काय, आज ना उद्या विकायचीच आहे ना." हे तो जेवता जेवता बोलला. ताटात वाडीचेच पडवळ होते. त्याच्यापुढचे ताट ओढून घ्यावेसे वाटले. घेतले नाही, पोटचा आहे.

सबब वाडीतले एक झाडही त्याला नाही. मात्र त्याला वगळले असे कोणी म्हणू नये. फ्लॉसीने त्याचे नाव सभासदांत घालावे, बिनपैशाने, तो आहे तोवर. दर शनिवारी त्याने स्वतः गिरीजला येऊन टोपली न्यावी. किडके वांगे निघाले तर ते त्याच्याच टोपलीत जावे. आणि ज्या शनिवारी वाडीने काहीच दिले नाही, त्याही शनिवारी त्याने यावे, बहिणीबरोबर पेज जेवावी आणि रिकामी टोपली घेऊन जावे.

हे मला वाचून दाखवले, बरोबर आहे, आणि आम्हा तिघींच्या सह्या एकमेकींसमोर झाल्या.

सही: आल्बिना आग्नेल परेरा

साक्षीदार:
वसुंधरा शांताराम सामंत, नायगाव
लुसी बावतीस फुर्ताडो, गिरीज

वसई, १४ फेब्रुवारी २००४