चंद्रीची केस आणि माझा प्रबंध

३ नोव्हेंबर, सोमवार
गाईडसरांनी बोलावून शेवटची मुदत दिली. महिनाअखेरपर्यंत एक आजारी जनावर, त्यावर वनौषधीचा उपचार, रोजच्या नोंदी आणि फोटो. नाहीतर पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द. सर जरा चढ्या आवाजात बोलले, पण सात वर्षांत माणूस जवळचा झाला की असं बोलतोच. महिना म्हणजे भरपूर वेळ. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

४ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
उठलो.

दुपारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तिथल्या सावनी मॅडम आम्हा संशोधकांना संदर्भ शोधून देतात. माझ्यासाठी चौसष्ट पेपर आणि अजिंठ्याच्या डोंगरातल्या वनस्पतींवरचा एक जुना प्रबंध काढून ठेवला होता. बाई हुशार आहेत. तरी संशोधन वेगळं आणि पुस्तकं काढून देणं वेगळं, हे त्यांना गोड शब्दांत समजावलं. त्या बरं म्हणाल्या. सगळे पेपर पेनड्राइव्हवर घेतले. निम्मं काम झालं.

६ नोव्हेंबर, गुरुवार
नशीब! अजिंठ्याहून सासऱ्यांचा, म्हणजे काकासाहेबांचा फोन. त्यांच्या चंद्री गायीची कास सुजली आहे. ऐकून वाईट वाटलं. मग फार आनंद झाला. घरचीच केस!

काकासाहेबांनी विचारलं, ‘‘जावईबापू, कोरफड, हळद अन् चुना वाटून लावत्यात, तर माप किती घ्यावं?’’ मी म्हटलं, आधीचं संशोधन तपासल्याशिवाय घाई नको. शिवाय फोनवर दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं, तर सात वर्षं काय करत होतो असं त्यांनी विचारलं असतं.

मोनिका म्हणाली, उद्याच्या उद्या जा. बायकोला शिस्तीचं संशोधन कळत नाही. सोमवारी जाणार, पूर्ण तयारीनिशी.

७ नोव्हेंबर
दिवसभर ग्रंथालयात. हळदीच्या व्यापाराचा इतिहास वाचला. अप्रतिम विषय. चुना उद्या.

सावनी मॅडमनी विचारलं, तुमचा नेमका प्रश्न काय? सांगितलं. त्यांनी काढून दिलेल्या तिसऱ्याच पेपरात माप आहे म्हणाल्या, सासऱ्यांना फोन करून सांगा. मी म्हटलं, आधी सिद्धांत, मग गाय. त्यांनी काकासाहेबांचा नंबर मागितला. दिला. माणसांना उत्साह असतो, मोडू नये.

९ नोव्हेंबर
बॅग भरली. भिंग, तक्ते, थर्मामीटर, पांढरा कोट. कोटाची बटणं लागत नाहीत. धुलाईत आटला असावा.

१० नोव्हेंबर
एसटी वेळेवर सुटली. असं कधी होत नाही, त्यामुळे माझी चुकली. बुधवारी नक्की.

१२ नोव्हेंबर, अजिंठा
पोचलो. चंद्री ठणठणीत. कडबा खात होती.

काकासाहेब म्हणाले, सावनी मॅडमचा शुक्रवारीच फोन आला. त्यांनी पेपरातलं माप वाचून दाखवलं, तालुक्याच्या डॉक्टरला दूध दाखवायला लावलं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ फोटो मागवले. ‘‘लई बारीक इचारत्यात बाई. कास कुठवर गरम हाय, दूध किती निघालं, समदं.’’

सूज परत येण्याची काही शक्यता आहे का, असं मी विचारलं. काकासाहेबांनी कडब्याची आणखी एक पेंढी चंद्रीपुढे टाकली. सासूबाई आत मोनिकाला फोनवर वरातीमागून घोडं असं काहीतरी सांगत होत्या. संदर्भ कळला नाही.

तरी कोट घालून गायीसोबत फोटो काढला.

१७ नोव्हेंबर
सहा दिवसांच्या नोंदी आणि बारा फोटो सावनी मॅडमनी काकासाहेबांची सही घेऊन ग्रंथालयाच्या संग्रहात ठेवले आहेत. सरांनी पाहिले, उत्तम म्हणाले. मला हायसं वाटलं. प्रकरण तयार!

मॅडम म्हणाल्या, जरूर वापरा, पण संदर्भ द्यावा लागेल. निरीक्षण काकासाहेबांचं, नोंद सावनी मॅडमची. माझं नाव कुठे येईल विचारलं. शोधून सांगते म्हणाल्या. मग संदर्भ कसा लिहायचा ते अर्धा तास शिकवलं. खरं सांगायचं तर मला ते येत नव्हतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
ग्रंथालयात संशोधकांसाठी व्याख्यान. वक्ते काकासाहेब. फेटा बांधून आले होते. मी माइक धरला, कारण स्टँड मोडला होता.

छान बोलले. काय लावलं, काय चुकलं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलं. मागच्या रांगेतली पोरंसुद्धा लिहून घेत होती. मी सात वर्षांत एवढं लिहिलेलं नाही.

सरांनी मला तीन महिने वाढवून दिले. मॅडमनी शब्द टाकला म्हणून. दुसरी गाय मात्र मीच शोधायची, आणि वेळेत पोचायचं.

शेवटी सर कौतुकानं काकासाहेबांना म्हणाले, तुम्हीच आमच्याकडे पीएच.डी.ला नाव नोंदवा.

काकासाहेबांनी विचार केला आणि विचारलं, ‘‘किती दिवस लागत्यात?’’

हॉलमधले सगळे माझ्याकडे बघत होते. माइक माझ्याच हातात होता.